वाढायला कोण आहे?

आत्या दिवेलागणीच्या आत जेवते. चाळीस वर्षांचा नेम आहे, आणि तिचा नेम कराडात काय नि माद्रिदात काय, सारखाच. म्हणून ती आमच्याकडे महिनाभर राहायला येणार असं ठरलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न हाच काढला. "आत्यांना बाहेर जेवायला न्यायचं कसं? इथली हॉटेलं रात्री साडेआठशिवाय चूल पेटवत नाहीत."

तो प्रश्न सूर्यानेच सोडवला. जूनच्या शेवटी माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या पुढे. आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आत्या गॅलरीत उभी राहून एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एकदा समोरच्या गच्चीवरच्या उन्हाकडे बघत होती. "नऊ वाजले म्हणतोस, आणि हे ऊन?" मग मी तिला सगळं सांगत बसलो. माद्रिद आहे ग्रीनिचच्याही पश्चिमेला, पण घड्याळ लावलंय बर्लिनचं. 1940 च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे केली, ती आजतागायत मागे आलेली नाहीत. त्यावर उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे जूनमध्ये इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनला. हे लोक भलत्या वेळी जेवतात म्हणून सगळं जग त्यांना हसतं, पण सूर्याला विचाराल तर ते अगदी वेळेवर जेवतात. लबाडी घड्याळाची आहे.

आत्याने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे नऊला बसलं तर सूर्याचे पावणेसात. चालेल."

आम्ही राहतो तो भाग चांबेरी. शहराच्या मध्यापासून थोडा उत्तरेला, जुन्या माद्रिदकरांचा, खाऊनपिऊन सुखी लोकांचा. पलीकडे पोन्थानो नावाचा रस्ता आहे, तिथे दर दोन दारांमागे एक बार. अलीकडे ओलाविदेचा गोल चौक. तिथे एक अष्टकोनी मंडई होती, ती 1974 साली चक्क सुरुंग लावून पाडली, आणि म्हातारी माणसं अजून तिच्या आठवणी काढतात. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक तापासचं, म्हणजे छोट्या ताटल्यांतून वाटून खायच्या पदार्थांचं, रेस्तराँ आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि मला तिथे पुन्हा जायचंय.

शेजारी सांगतात की पूर्वी त्याच जागी साधा बार होता. खाली जमिनीवर कागदी रुमाल, टूथपिक आणि ऑलिव्हच्या बियांचा खच. माद्रिदची जुनी फूटपट्टीच अशी की जितका कचरा जास्त तितका बार चांगला, कारण तितकी माणसं येऊन गेली. आता तिथे संगमरवरी काउंटर आहे, अकरा टेबलं आहेत, सुती रुमाल आहेत, प्रत्येक टेबलावर टांगलेला एकेक मंद दिवा आहे आणि पोरं करड्या एप्रनमध्ये फिरतात. जमिनीवर बी टाकायची कुणाची छाती होणार नाही. कार्डावर पहिला मथळा: 'वाटून खाण्यासाठी'.

तापा म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा काप ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. तीच गोष्ट कधी एका राजाच्या नावावर सांगतात, कधी दुसऱ्या, त्यामुळे माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. झाकण हा अर्थ मात्र खरा. ग्रानादासारख्या शहरात आजही पेल्याबरोबर झाकण फुकट येतं. आमच्या गल्लीत झाकणाला पेल्याच्या चौपट पैसे पडतात.

दारातून आत शिरताच डाव्या हाताला लाकडी घोडीवर डुकराची अख्खी तंगडी लावलेली असते, खुरासकट. काळं खूर मुद्दाम ठेवतात, ओळख म्हणून. मला ते आठवलं तेव्हा आम्ही दारात पोचलो होतो, आणि उशीर झाला होता. आत्या थांबली. तंगडी तासणारा माणूस लांब, अरुंद, लवचीक सुरीने काप काढत होता. एकेक काप इतका पातळ की सुरीचं पातं खालून दिसत होतं. काप निघाला की तो सुरीच्या टोकाने उचलून ताटलीत गोलाकार मांडत होता, कडेची चरबी काचेसारखी चकाकत होती. ओकांच्या रानात शरदापासून हिवाळा संपेपर्यंत ओकफळं खाऊन पोसलेलं जनावर, मग मीठ, मग तीन-तीन वर्षं तळघरात टांगून ठेवणं. 2014 पासून तर कायद्यानेच तंगडीला रंगीत पट्टी बांधतात. काळी असेल तर जात शुद्ध इबेरियन आणि खाणं ओकफळांचं. ही माहिती मी आत्याला देणार नव्हतो. मी तिला हलकेच पुढे ढकलायच्या बेतात होतो.

"हात बघ त्याचा," आत्या म्हणाली. "अण्णा सुपारी कातरायचे तसा आहे. रोठ्याची चकती अशीच फुंकरीने उडायची."

आणि ती आत जाऊन बसली.

मागवायचं काय, हा खरा पेच होता. आत्या मांस-मासे खात नाही, अंडंही नाही. बटाट्याची तोर्तिया म्हणजे अंड्याचाच ठोकळा, ती गेली. (त्यात कांदा असावा की नसावा यावरून इथे घराघरात दोन तट आहेत. मी कांदावाल्यांतला.) क्रोकेता आळंबीच्या घेतल्या तरी पावाच्या चुऱ्यात घोळवायच्या आधी अंड्यात बुडवतात. ऑलिव्ह निरागस वाटतात, पण बी काढून त्या जागी अँचोव्हीचा तुकडा कोंबलेले निघतात. मांचेगो चीज मी मुद्दामच मागवलं नाही. ते कोकराच्या जठरातल्या रसाने विरजतात हे एकदा वाचलं की विसरता येत नाही. आणि भाज्यांवर तर विसंबूच नये. मटार मागवा, घेवडा मागवा, आर्टिचोक मागवा, वर खामोनचे, म्हणजे त्या दारातल्या तंगडीचेच, बारीक तुकडे पेरलेले असतात. "यात मांस आहे का?" विचारलं तर वेटर प्रामाणिकपणे सांगतो, "नाही, नुसता खामोन आहे." आपण फोडणीतल्या हिंगाला जसं जिन्नस म्हणून मोजत नाही, तसं त्यांचं खामोनचं आहे.

शेवटी आत्यासाठी ठरलं ते असं: पाद्रोनच्या मिरच्या, टोमॅटो चोळलेला पाव, खामोन आणि अंडं न घालता साल्मोरेखो, आणि वांग्याचे काप. बायको रत्नागिरीची, तिने व्हिनेगरमधल्या बोकेरोनेस, म्हणजे छोट्या मासळ्या, सांगितल्या. मी माझ्यासाठी क्रोकेता. प्यायला बायकोला मान्थानिया, म्हणजे सानलुकारची वाइन, मला छोटी बिअर, आणि आत्याला मोस्तो, म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. तो इथे कुठल्याही बारमध्ये मिळतो आणि वाइनच्याच पेल्यात देतात. आत्याने पेला दांडीने धरून वास घेतला. "मनुकांचं पाणी," ती म्हणाली, आणि एका घोटात निम्मा संपवला.

आधी मिरच्या आल्या. भावनगरीच्या पिलांसारख्या बोटभर, तेलात फोड येईपर्यंत परतलेल्या, वर जाडं मीठ. गालिसियात पाद्रोनजवळच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी हे बी मेक्सिकोहून आणलं असं सांगतात, आणि या मिरच्यांबद्दल एक म्हण आहे: काही झोंबतात, काही झोंबत नाहीत. गंमत अशी की कुठली झोंबेल ते बघून कळत नाही. त्या रात्री एकही झोंबली नाही. आत्या निराश झाली.

पण तिचं लक्ष मिरच्यांवर नव्हतंच. ती आजूबाजूच्या टेबलांकडे बघत होती. शेजारी सहा जण बसले होते, मध्ये तीन ताटल्या, आणि सहाही जण आपापल्या काट्याने सरळ ताटलीतून उचलून तोंडात घालत होते. ताटली मध्ये, काटा तोंडात, काटा परत ताटलीत.

"उष्टं नाही होत?" आत्याने विचारलं.

"काट्याने घेतात ना, आत्या," बायको म्हणाली.

"काटा तोंडात जातो की नाही?"

याला उत्तर नाही. मी आठ वर्षं इथे आहे आणि माझ्याकडेही नाही. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवताना मी ताटलीची एक कड मनातल्या मनात आखून घ्यायचो आणि तेवढ्याच भागातलं खायचो. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि ते बोलले नसतील. आपल्याकडे ताट म्हणजे एका माणसाचं राज्य. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मध्ये. डोळे मिटून हात नेला तरी लोणचं चुकणार नाही. इथे सगळी सरहद्दच पुसलेली. माझं काय, हे विचारायची सोय नाही.

आत्याने दुसरा प्रश्न विचारला. "वाढायला कोण आहे?"

"इथे कुणी वाढत नाही. ज्याचं त्याने घ्यायचं."

"मग कुणाला मिळालं, कुणाला नाही, हे बघतं कोण?"

तिने मला वेटरकडून एक डाव मागवायला लावला. त्याला काही कळेना, त्याने दोन मोठे चमचे आणि चार छोट्या बशा आणून ठेवल्या. आत्याने पदर खोचला. खरंच खोचला, खुर्चीवर बसल्या बसल्या. मग पावाचे तुकडे, मिरच्या, सगळं समोर ओढून घेऊन तिने आमच्या बशा भरायला घेतल्या. मिरच्या मोजून. बारा होत्या, प्रत्येकी चार. देखण्या मंद दिव्याखाली त्या उंची टेबलाची पाच मिनिटांत पंगत झाली. शेजारच्या सहांपैकी एक बाई कौतुकाने बघत होती. तिला वाटलं असावं की हा आमच्याकडचा काही विधी आहे. तसा तो होताही.

आमच्या कराडच्या घरात दर रविवारी पंधरा-सतरा पानं असायची. आत्याने लग्न केलं नाही. तेहतीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवलं, आणि रविवारी घरी वाढलं. आधी मुलं, मग पुरुष, मग पाहुण्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी अडीच वाजता ती आणि आई. तोवर भरल्या वांग्याच्या पातेल्यात रस आणि देठं उरलेली असायची. आम्ही विचारलं की ती म्हणायची, मला देठंच आवडतात. मोठा झाल्यावर मला या वाक्याचं फार वाईट वाटायचं. या विषयावर मी कॉलेजात एक कविताही लिहिली होती. ती सुदैवाने कुठे छापून आली नाही, कारण एकदा धीर करून आत्याला विचारलं तेव्हा ती खेकसली, "अरे गाढवा, मसाला देठातच मुरतो. तुम्ही सगळे वेडे, गर खाऊन उठायचात."

तर ती वाढत होती आणि साल्मोरेखो आला. कोर्दोबाकडचा प्रकार. पिकलेले टोमॅटो, शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, सगळं एकजीव घोटलेलं, गार. घट्ट इतकं की चमचा उभा राहील. रंग शेंदरी. आणि वर, सांगूनसवरून, खामोनचे तुकडे आणि उकडलेलं अंडं पेरलेलं.

वेटर पोरगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. दहादा माफी मागून वाटी घेऊन गेला आणि एका मिनिटात नवी घेऊन आला. पांढरी स्वच्छ वाटी, वर नुसती तेलाची धार. आत्याने वाटी हातात घेतली, दिव्याखाली धरून थोडी फिरवली आणि माझ्यासमोर ठेवली. "वरचं काढून आणलंय. काठाशी बघ." काठाच्या आतल्या बाजूला, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, लालभडक ठिपका होता. त्याला पिवळा, अंड्याचा चुरा चिकटलेला. तेहतीस वर्षं उत्तरपत्रिकांतले अनुस्वार तपासलेली नजर आहे ती.

मला राग आला. दहा युरोंच्या वाटीचा नव्हे, एका मिनिटात नवी आणल्याच्या आविर्भावाचा. मी उठायला लागलो तर आत्याने हात दाबला. "बस. तो पोर सांगकाम्या आहे. आतून दिलं ते त्याने आणलं. तुम्ही दोघं खा." बायकोने ती वाटी पुसून खाल्ली. उत्तम होती, हेही सांगायला हवं.

आणि मग वांगी आली.

बेरेनखेनास कोन मिएल. आंदालुसियातला पदार्थ. वांग्याच्या पातळ चकत्या दुधात भिजवून, पिठात घोळवून, भरपूर तेलात तळलेल्या, एकावर एक रचलेल्या, आणि वरून काळपट तपकिरी काहीतरी बारीक धारेने सोडलेलं. आपले काप, फक्त तिखट-हळद नाही. आत्या उजळली. डाव उचलला, आणि मग थबकून विचारलं, "तळणीचं तेल वेगळं असतं ना रे? याच तेलात ते मासे-बिसे नाही ना तळत?"

मी म्हणालो, "हो, वेगळं असतं."

मी विचारलं नव्हतं. वेटर तीन पावलांवर होता, विचारता आलं असतं. पण मिरच्या संपल्या होत्या, साल्मोरेखो बाद झाला होता, हीच एक गोष्ट उरली होती, आणि उत्तर काय येईल याची मला पुरेशी भीती होती.

आत्याने एक चकती उचलली. तोंडात टाकली. चावली, कुर्रर्र असा आवाज मलाही आला. मग तिचा जबडा थांबला. माझ्या पोटात गोळा. तिने बोटाने ताटलीतला तो तपकिरी थेंब टिपला, बोट नाकाशी नेलं, चाटलं.

"काकवी आहे."

"मध आहे, आत्या. मिएल म्हणजे मध."

"मध मला कळतो. ही काकवी आहे."

वेटरला बोलावलं. त्याला वाटलं आता आणखी काय सापडलं. मिएलच आहे, तो म्हणाला, मिएल दे कान्या, फ्रिखिलियानाची. मी कार्ड पुन्हा नीट वाचलं. कान्या. ऊस. मालागाच्या डोंगरातल्या फ्रिखिलियाना गावात उसाचा रस आटवून हे करतात, आणि त्याला म्हणायचं मात्र मध. मी हा पदार्थ गेली आठ वर्षं खात होतो. आठ वर्षं मध समजून.

त्यानंतर आत्या थांबेना. ताईच्या सासरच्या गुऱ्हाळावर म्हणे ती दर माघात जायची. चुलवणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीतली मळी काढणं, गूळ व्हायच्या थोडं आधी तांब्यात काढून घेतलेली गरम काकवी, भाकरीबरोबर. "हा वास. किंचित जळल्यासारखा, लोखंडाचा. हा मधाला येतो का कधी?" आणि मग तिच्यातली बाई जागी झाली, म्हणजे शाळेतली. साखरेला इथे काय म्हणतात? आथुकार. "शर्करा," आत्या म्हणाली. फारशीत शकर, अरबीत सुक्कर, पुढे अल हे अरबी उपपद लावून इथे. नारिंगाला? नारांखा. "नारंग!" वांग्याला? बेरेनखेना, मूळ अरबी बादिंजान. "आणि त्याच्या आधी फारशी, आणि त्याच्या आधी आपलं वातिंगण, वांगं. पण ज चा ख कुठे झाला?" इथेच, म्हटलं, सोळाव्या-सतराव्या शतकात यांच्या घशाला काय झालं कोण जाणे. बायकोने हळूच बटाटा पुढे केला. इथे पाताता, पोर्तुगीजांचा बताता. तो मात्र उलट्या दिशेने आपल्याकडे आला, अमेरिकेहून.

शब्द असे हसतखेळत आले, पण माणसांचं तसं झालं नाही. ऊस, नारिंग, वांगं, हे सगळं अरबांनी या देशात रुजवलं. 1492 मध्ये ग्रानादा पडलं, त्याच वर्षी ज्यूंना हाकललं, पुढे 1609 पासून पाच वर्षांत, धर्म बदलून राहिलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही हाकललं. मधल्या शंभरेक वर्षांत कोण खरा ख्रिस्ती आणि कोण नावापुरता, हे ओळखायची एक जागा होती स्वयंपाकघर. डुक्कर न खाणारा, शनिवारी धूर न काढणारा, तेलात वांगी शिजवणारा संशयित. इन्क्विझिशनच्या, म्हणजे त्या काळच्या धर्मन्यायालयाच्या, कागदपत्रांत वांग्याच्या पदार्थांचे उल्लेख पुराव्यासारखे येतात. दारात टांगलेली तंगडी ही या देशात नुसती चव नव्हती, ओळखपत्र होतं. आता दारातला खामोन आणि टेबलावरचं वांगं एकाच कार्डावर, दोन ओळींच्या अंतराने आहेत, आणि वांगी खाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. ताटावरून माणूस ओळखायची खोड आपल्याला अनोळखी नाही, म्हणून मी हे जास्त ताणत नाही. पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही विचारा, दुसरा प्रश्न काय असतो ते.

ताटलीत चकत्या चौदा होत्या. आत्याने पहिल्यांदा दोन-दोन वाढल्या, आणि मग ते विसरली. बोलता बोलता ती थेट मधल्या ताटलीतून घ्यायला लागली. काट्याने नाही, हाताने, पण मधल्या ताटलीतून. मी बायकोकडे बघितलं. बायकोने डोळ्यांनी मला गप्प केलं.

शेवटी एक चकती राहिली. कुणीच उचलेना. या शेवटच्या तुकड्याला इथे नाव आहे, 'एल दे ला बेर्ग्वेन्था', लाजेचा तुकडा. सगळ्यांना हवा असतो, घेण्याची सगळ्यांना लाज वाटते, तो थंडगार होऊन जातो आणि मग वेटर ताटली उचलायला आला की कुणीतरी हसत हसत तोंडात टाकतं. मी आत्याला हे सांगितलं.

"लाज कसली?" आत्या म्हणाली. "शेवटचं संपवणं हे काम असतं." आणि तिने तो तुकडा ताटलीभर फिरवून उरलेली सगळी काकवी पुसून घेतली, आणि खाल्ला. भाकरीने पातेलं पुसतात तसं.

नंतर कुणी उठवायला आलं नाही. इथे बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, आणणं उद्धटपणाचं समजतात. जेवण झाल्यावर टेबलाशीच बसून राहायच्या वेळेला सोब्रेमेसा असा शब्द आहे. आमच्या घरी त्याला 'हात वाळेपर्यंत' म्हणायचे. आत्याची बोटं काकवीने चिकट झाली होती, सुती रुमाल वाया घालवायला ती तयार नव्हती, आणि हात धुवायला उठायलाही. साडेदहा वाजून गेले. बाहेर दिवे लागले होते. शेजारच्या टेबलावरच्या त्या बाईने जाताना आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं, आत्याने मराठीत "पुन्हा या" म्हटलं. जसं काही हॉटेल तिचं.

बिल एकशे चार युरो झालं. आत्याने आकडा बघितला, रुपये विचारले नाहीत. पावाचे वेगळे लावले आहेत एवढं मात्र तिने दाखवून दिलं. साल्मोरेखोचेही लावले होते. मी भरले.

घरी जाताना ओलाविदेच्या चौकातून गेलो. अकरा वाजले होते आणि चार-पाच वर्षांची पोरं झोपाळ्यावर होती, त्यांचे आजी-आजोबा बाकावर. आत्याने माझा दंड धरला होता. चौक ओलांडून झाल्यावर ती म्हणाली,

"तेलाचं तू त्याला विचारलं नाहीस."

मी काही बोललो नाही.

"खोटं बोलताना कानाची पाळी धरतोस. दुसरीत होतास तेव्हापासून."

"मग खाल्लंस कशाला?"

आत्या दोन पावलं चालली. "साल्मो काय ते, त्याचं सोड," ती म्हणाली, "ते मला आवडलंही नसतं. याच्यावर काकवी होती."

मग म्हणाली, घरात कुठे बाजरीचं पीठ मिळेल का बघ, आणि त्या गावाहून ती बाटली मागवता येते का.